नंबर दोनची शेवंती

वऱ्हाडात जाऊन आले म्हटलं की पुण्यातली माणसं एकच प्रश्न विचारतात, "मग, उन्हाचं काय?" जणू तिकडे दुसरं काही पिकतच नाही. मी गेले ती आषाढ संपता संपता. आभाळ भरलेलं होतं, उकाडा होता, पंखे नावाला फिरत होते. पण मी भाजून आले ती उन्हानं नव्हे. त्या तीन दिवसांत जे झालं ते मी घरीदेखील कुणाला सांगितलेलं नाही. इथे लिहिते आहे, कारण वाचणारा निदान तोंडावर हसत नाही.

मी पुण्यात चौतीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं, निवृत्त झाले आणि समितीत गेले. दोन-चार माणसं दुसऱ्याच्या गाडीतून फिरतात, दुसऱ्याच्या पंगतीला जेवतात आणि तिसऱ्याचं भवितव्य ठरवतात, त्याला आपल्याकडे समिती म्हणतात. आमची समिती दोघांचीच होती. मी सदस्य, आणि जोगळेकरसर अध्यक्ष. सरांना दोनच विकार आहेत, आम्लपित्त आणि अध्यक्षपद. त्यांतल्या पहिल्यावर गोळी मिळते.

प्रकरण असं होतं. अमेरिकेत म्हणे गावोगाव साधी, स्वस्त कॉलेजं असतात. परिस्थिती बेताची असलेल्या मुलानं तिथे दोन वर्षं शिकायचं, छोटी पदवी घ्यायची आणि मग थेट विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जाऊन बसायचं. शिकलेलं वाया जात नाही. कल्पना इतकी सरळ आहे की आपल्याकडे ती चालणं अवघडच होतं. तरी आपण ती आणली, 'कम्युनिटी कॉलेज' हे नावही तसंच ठेवलं, आणि मधल्या दारावर एक समिती बसवली. अमरावतीच्या एका कॉलेजात फुलशेती आणि रोपवाटिकेचा दोन वर्षांचा असा डिप्लोमा होता. तो पुरा केलेल्या एकोणीस मुलामुलींना अकोल्याच्या कॉलेजानं पदवीच्या तिसऱ्या वर्षाला घ्यायचं, की पुन्हा पहिल्यापासून पाटी गिरवायला लावायचं, हे आम्ही सांगायचं होतं. अकोल्याचे प्रवेश तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बंद होणार होते. एवढी सत्ता हातात घेऊन मी अमरावतीच्या स्टेशनवर उतरले, आणि खोटं कशाला बोलू, मला छान वाटत होतं.

अमरावती, पहिला दिवस

प्राचार्य वानखडे स्वतः स्टेशनवर हजर होते. सोबत दोन प्राध्यापक, एक फोटोग्राफर आणि झेंडूच्या माळा घातलेली गाडी. गाडी पाहून जोगळेकरसर मला हळूच म्हणाले, "मुहूर्ताला वेळ आहे का हो?" पुण्यात समिती आली तर शिपाई तिला बाकावर बसवून आत जातो आणि बाहेर येऊन सांगतो की साहेब मीटिंगमध्ये आहेत. इथे मात्र आम्हाला बसायला सोफा, पाय ठेवायला गालिचा आणि वारा घालायला तोफेएवढा कूलर होता. कूलर सुरू झाला तसे समोरचे कागद उडाले आणि ते गोळा करेपर्यंत नाश्ता आला.

नाश्त्याला गिला वडा. उडदाचा मऊसूत वडा, त्यावर घट्ट दही, त्यावर आंबटगोड चटणी आणि वरून तिखट. "घ्या ना जी मॅडम, आमच्या अमरावतीचा हाये, असा तुमच्या पुण्यात नाई भेटत," वानखडेसर म्हणाले. मी म्हटलं, आमच्याकडे दहीवडा असतो. ते नुसते हसले. दुसरा वडा खाताना मला त्या हसण्याचा अर्थ कळला. तिसरा मी मागून घेतला.

मग स्वागतगीत, मग शाल, मग श्रीफळ, मग पुष्पगुच्छ. गुच्छ देणारी मुलगी वीस-एकवीस वर्षांची, सावळी, काटक, केसांना चप्प तेल. नाव प्रणाली, असं सूत्रसंचालकांनी सांगितलं. निशिगंधाचा गुच्छ इतका नेटका बांधलेला होता की मी न राहवून विचारलं, "कुठून आणलास?" ती काही बोलणार तोच वानखडेसर म्हणाले, "आमच्या विद्यार्थ्यांनीच कॉलेजच्या बागेत पिकवलेला, मॅडम! सगळं आवारातच!" मुलीनं तोंड मिटलं. मग पाच भाषणं झाली. प्रत्येकात आमच्या येण्यानं वऱ्हाडची भूमी पावन झाल्याचं सांगितलं गेलं आणि प्रत्येक वेळी जोगळेकरसरांनी मान लववून ते मान्य केलं.

बाग कॉलेजच्या मागे होती. बाग म्हणजे मुरमाड पटांगण, त्यावर पाणी मारलेलं आणि चाळीसेक कुंड्या अगदी कवायतीला उभ्या केल्यासारख्या ओळीत. शेवंतीची झाडं होती, तरारलेली, गच्च पानांची. शेवंती फुलते थंडीत. आषाढात तिला फूल नसतं, हे कुठल्याही माळ्याला आणि माझ्या नापास विद्यार्थ्यांनाही ठाऊक असतं. पण या शेवंतीवर फुलं होती. पिवळीधमक, टपोरी. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. चौतीस वर्षांत मी शेवंतीला झेंडू लागलेला पाहिला नव्हता. तो तिथे पाहिला. बारीक तारेनं देठाला देठ बांधलेला होता, आणि तार लपवायला वरून एक पान वळवलेलं.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"फुलं, मॅडम," वानखडेसर म्हणाले, आणि घाम पुसू लागले.

आता मला राग लवकर येतो, हे माझ्या घरचे सांगतील. तो आला की मी शांत बोलते, हे माझे विद्यार्थी सांगतील. मी शांतपणे समोरची कुंडी आडवी केली, झाडाचा बुंधा धरला आणि ओढला. झाड मुळांच्या गड्ड्यासकट बाहेर आलं. गड्ड्याला काळीभोर, चिकट माती. मी पायाखालच्या मुरमाकडे बोट दाखवलं, मग मुळांकडे. "सर, ही माती या आवारातली नाही. ही झाडं इथे वाढलेली नाहीत. तपासणीपुरती भाड्यानं आणलीत." जोगळेकरसर माझ्याकडे कौतुकानं पाहत होते. झाडाला बांधलेली प्लास्टिकची पट्टी मी पुरावा म्हणून तोडून घेतली. तिच्यावर लिहिलं होतं, '२ – पाडवा'. रोपवाटिकावाल्याचा काही हिशोब असणार, असं मी ठरवलं आणि पट्टी पर्समध्ये टाकली.

मागच्या रांगेत त्या गुच्छवाल्या मुलीनं हात वर केला. "मॅडम, थे झाडं..."

"मध्ये बोलू नये," मी म्हणाले.

तिनं हात खाली घेतला. तिची नजर माझ्यावर नव्हती, माझ्या हातातल्या झाडावर होती. मी ते झाड कूलरच्या पाण्याच्या टाकीशेजारी ठेवून दिलं आणि पुढे गेले.

संध्याकाळी हॉटेलवर अहवाल लिहिला. जोगळेकरसरांनी सांगितलं, मी लिहिलं, आणि मुख्य वाक्य माझंच होतं : 'प्रात्यक्षिक कार्य झालेले नाही, झाडे तपासणीपुरती बाहेरून आणलेली आढळली. सबब विद्यार्थी तृतीय वर्षास पात्र नाहीत.' दोघांनी सह्या केल्या, सरांनी मोबाइलवर फोटो काढून अहवाल अकोल्याला पाठवूनही दिला. सर आयुष्यात एवढ्या चपळाईनं फक्त हेच एक काम करतात. मग आम्ही समाधानानं वांग्याची भाजी खाल्ली. ती फार चांगली होती. मी पाककृतीही विचारून घेतली. तिथे कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे मला कळलं, आणि मी त्यांना 'कोथिंबीर म्हणतात' असं शिकवलं. म्हणजे त्या दिवशी मी कुणालाच सोडलं नाही.

अमरावती, दुसरा दिवस

सकाळी सात वाजता हॉटेलच्या माणसानं सांगितलं, खाली एक मुलगी बसली आहे. मला वाटलं, आली रडायला. चौतीस वर्षांत रडणाऱ्यांना काय सांगायचं ते पाठ झालेलं होतं, ते मनाशी म्हणतच मी खाली उतरले. प्रणाली होती. रडत वगैरे नव्हती.

"मॅडम, माही पाटी तुमच्यापाशी हाये."

"कसली पाटी?"

"दोन नंबरची. काल तुमी झाड उपटलं ना, तवा पाटी तोडून पर्समंदी टाकली. मी पाह्यलं."

"ती आता समितीच्या ताब्यात आहे," मी म्हणाले. हे वाक्य आठवलं की आजही पांघरूण डोक्यावर घ्यावंसं वाटतं.

"राहू द्या ना जी ताब्यात. पन तिच्या मांगं पानं मोजून लिवली हायेत. वहीत उतरवाची राह्यली. तेवढं लिवून घेतो न् वापस देतो तुमाले."

मी पर्समधून पट्टी काढली आणि पालथी केली. तेलाच्या जुन्या डब्याचं प्लास्टिक कापून केलेली पट्टी होती ती. मागे बॉलपेननं बारीक आकडे. दर रविवारी मोजलेली पानं, पाडव्यापासून परवाच्या रविवारपर्यंत. एकही रविवार चुकलेला नव्हता. जिनं जन्मभर मुलांना 'पान उलटून पाहा, खरी गोष्ट पानाच्या मागे असते' असं सांगितलं, तिनं ही पट्टी उलटून पाहिली नव्हती.

"ही झाडं तू लावलीस?"

"नाई तं कोन? आमच्या वावरात. साठ लावली व्हती, चाळीस जगली. एकेचाळीस, दोन नंबर धरून."

"मग प्रात्यक्षिक कॉलेजात का नाही केलंत?"

"कॉलेजात मुरूम हाये जी, तिथं गवत बी रुसते. म्हनून ज्यानं त्यानं आपापल्या वावरात केलं. पन परिपत्रकात म्हने आवारातच झालं पायजे. मंग सरनं टेम्पो धाडला, म्हने कुंड्या घेऊन ये, इथंच लावल्या असं सांगू."

"आणि तो झेंडू?"

इथे ती पहिल्यांदा हसली. "थो सरनं बांधला. मी नोको म्हटलं. सर म्हने, फुलाबिगर समितीले काय दिसन?"

वानखडेसरांनी माझी योग्यता स्टेशनवरच ओळखली होती. त्यांनी खरी वस्तू आणली, तिला खोटं वाटेल इतकी सजवली, आणि मी सजावट पकडून खऱ्यालाच खोटं ठरवलं. माझा तर्क पहिल्यापासून शेवटपर्यंत बरोबर होता. झाडं बाहेरूनच आली होती. फक्त ती जिनं वाढवली तिला मी 'मध्ये बोलू नये' असं सांगितलं होतं.

"काल स्पष्ट का बोलली नाहीस?" मी तरी विचारलंच. खोड.

"बोलून राह्यली व्हती ना मी," ती म्हणाली.

मग तिनं, विचारलं म्हणून, बाकीचं सांगितलं. "बाबानं मले शिकाले तीन वर्सं देल्ली. त्याच्याइले एकट्यानं फुलं तोडनं होत नाई, तरी देल्ली. दोन झाली. आता अकोल्याले पयल्या वर्साले बसवलं तं सारे मिळून पाच होते. तीनात पाच कसे बसवू जी मी?" तिनं हे गणित माझ्यापुढे तक्रार म्हणून नव्हे, खरंच उत्तर मिळेल म्हणून ठेवलं. मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मी करते तेच केलं, आवाज चढवला. "मला ते वावर बघायचंय!"

"चला मंग," ती म्हणाली. "अंजनगावच्या रस्त्यानंच हाये. तुमाले अकोल्याले जाचंच हाये ना."

अंजनगाव सुर्जीच्या वाटेवर

जोगळेकरसरांना वाट वाकडी करायला राजी करणं सोपं नव्हतं. अहवाल गेला म्हणजे विषय संपला, असं त्यांचं म्हणणं. प्रणालीनं पुढच्या सीटवरून वळून न पाहता सांगितलं, "आईनं पाटोडीचा रस्सा मांडला हाये." सर काच खाली करून निसर्ग पाहू लागले.

निसर्ग पाहण्यासारखा होताच. दोन्ही बाजूंना कपाशी गुडघ्याएवढी, मध्ये तुरीच्या ओळी, आणि उत्तरेला सातपुड्याची निळसर रांग आमच्या सोबतीनं चाललेली. माती अशी काळी की तिच्यावर बसलेला बगळा धुतल्यासारखा दिसावा. ही माती लांबून पाहायची. मी वावरात उतरले आणि चौथ्या पावलाला माझा उजवा पाय चपलेविना वर आला. पुण्याची चप्पल वऱ्हाडानं ठेवून घेतली. ओढून काढली तर दुसरी गेली. शेवटी दोन्ही हातात घेऊन, जिथे जिथे प्रणाली पाय ठेवत होती तिथे तिथे पाय ठेवत मी बांधापर्यंत पोचले.

बांधावर तिचे वडील उभे होते. पांढरा बनियन, खांद्यावर दुपट्टा, हातात विळा. पलीकडे निशिगंधाचे वाफे, त्यांच्याही पलीकडे हिरव्या जाळीची शेड.

"हेच का थ्या उपटनाऱ्या मॅडम?" त्यांनी मुलीला विचारलं. माझ्यासमोर. आवाज न बदलता.

"हो बाबा."

ते माझ्याकडे वळले. "मॅडम, आमी उपटाच्या आदी पाहून घेतो, हे तन हाये का पीक."

पुण्यात असा टोमणा मारायला माणसाला तीन वाक्यांची प्रस्तावना लागते. मी "बरोबर आहे" म्हणाले.

शेडमध्ये गेले आणि पाहिलं. जमिनीवर कुंड्या ठेवलेल्या जागांची गोल वर्तुळं उमटलेली होती, ओळीनं, आणि प्रत्येक वर्तुळाशेजारी एकेक काडी रोवून नंबर लिहिलेला. कुंड्या अमरावतीला गेल्या होत्या, जागा इथे रिकाम्या होत्या. दोन नंबरचं वर्तुळही होतं. प्रणालीनं समजावून सांगितलं. काळ्या मातीत पाणी साचतं आणि शेवंतीची कोवळी छाटं, म्हणजे लावायला कापलेल्या फांद्या, सडतात. म्हणून तिनं वीस छाटं नुसत्या मातीत लावली, वीस माती आणि वाळूत, आणि वीस मातीत कुजवलेल्या पराटीचा भुसा मिसळून. पराटी म्हणजे कापूस वेचून उरलेली वाळकी झाडं. लोक ती जाळतात.

"पराटीवाली लय जगली," ती म्हणाली. "वाळू इकत आनाव लागते. पराटी तं हरेकाच्या बांधावर पडून हाये."

मी तिला प्रश्नांवर प्रश्न विचारले. परीक्षक म्हणून नाही, मला माहीत नव्हतं म्हणून. पाणी किती दिलं, कधी दिलं, भुसा किती महिने कुजवला. तिला प्रत्येकाचं उत्तर येत होतं, आणि येत नव्हतं तिथे ती "थे मले मालूम नाई, पाहाव लागन" म्हणत होती. हे वाक्य माझ्या समितीच्या कुठल्याही बैठकीत मी ऐकलेलं नाही. माझ्या स्वतःच्या तोंडून तर नाहीच.

जेवायला पाटोडीचा रस्सा, ज्वारीची भाकर, कांदा आणि मिरचीचा ठेचा. बेसनाच्या वड्या लालभडक तर्रीत पोहत होत्या. जोगळेकरसर पहिल्या घासाला "जरा तिखट आहे" म्हणाले, आणि तिसऱ्या भाकरीपर्यंत पुन्हा काही बोलले नाहीत. प्रणालीची आई दाराआडून वाढत होती आणि दर वेळी "घ्या ना जी, काहून लाजून राह्यले" म्हणत होती. आमचा अहवाल तिला ठाऊक होता. तरी ती वाढत होती. माझ्या घरी असं कुणी आलं असतं तर मी पाणी विचारलं असतं, तेही फ्रिजमधलं नाही.

निघताना मी सरांना गाडीशेजारी गाठलं. "सर, आपलं चुकलंय. अहवाल बदलायला हवा."

"आपलं?" सर म्हणाले. "झाड तुम्ही उपटलंत."

अकोला, तिसरा दिवस

अकोल्यात पोचेपर्यंत तर्रीनं आपलं काम केलं होतं. जोगळेकरसरांनी रात्र आणि सकाळ विश्रामगृहात थंड दुधावर काढली, त्यामुळे कॉलेजात मी एकटीच गेले. मी सांगितल्याप्रमाणे प्रणाली आणि तिचे वडील पहाटेच्या एसटीनं आधीच येऊन पायऱ्यांवर बसलेले. तिच्या मांडीवर जर्नल, त्यावर मी परत दिलेली दोन नंबरची पट्टी.

ऑफिसातले मोठे बाबू तायडे. टेबलावर फायलींचा डोंगर, आणि डोंगरापलीकडून फक्त चष्मा दिसत होता.

"तुमचा अहवाल आला मॅडम. क्लिअर हाये. सारे पयल्या वर्साले."

"तो चुकीचा आहे. मला दुरुस्ती लिहून द्यायची आहे."

चष्मा वर उठला. त्यांच्या नोकरीत हे पहिल्यांदाच घडत असावं. त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. मी पेन काढलं आणि समितीत मुरलेल्या हातानं सुरेख वाक्य लिहिलं : 'सदर अहवालातील नोंद अनवधानाने विपर्यस्त झाली असण्याची शक्यता नाकारता येत नाही.'

तायडेबाबूंनी ते एकदा वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग शेजारच्या बाबूला वाचायला दिलं. त्यानं मान हलवली.

"मॅडम, याच्यात कोन चुकलं थे दिसून नाई राह्यलं."

"अर्थ तोच आहे."

"अर्थ तोच असन जी. पन हे फाइलले लावलं तं वरचा सायेब म्हनन, शक्यता हाये ना, मंग पुढच्या वर्सी पाहू. असे लय कागद पाह्यले मी. कोनीच चुकत नाई न् पोट्ट्याइचं वर्स जाते."

"मग काय लिहू?"

"साधं लिवा. मी चुकली."

मी पेन खाली ठेवलं. सांगायला लाज वाटते, पण मी जोगळेकरसरांना फोन केला. सर कण्हत म्हणाले, "वेड लागलंय का तुम्हाला? असं लिहून दिलंत तर पुन्हा आपल्याला कोण बोलावणार? समितीची काही अब्रू आहे की नाही? मी तर सही करणार नाही." मला जे वाटत होतं तेच ते मोठ्यानं बोलले, म्हणून मला त्यांचा जास्त राग आला. मला तो सोफा आवडत होता. माळा घातलेली गाडी आवडत होती. घरी कपाटात समितीच्या शालींची चळत आहे आणि ती मी पाहुण्यांना दाखवते. चौतीस वर्षांत 'मी चुकले' असं एकदाही लिहावं लागलं नव्हतं, कारण तपासायला कुणी आलंच नव्हतं.

दाराच्या फटीतून पायऱ्या दिसत होत्या. प्रणाली पट्टीच्या मागचे आकडे वहीत उतरवून घेत होती. तिला प्रवेश मिळेल की नाही हे ठरायच्या आधी तिची वही पुरी व्हायला हवी होती. वडील तिच्यावर सावली पडेल असे बसले होते.

मी दुसरा कागद मागितला. 'झाडे विद्यार्थिनीने स्वतःच्या शेतात वाढवली होती. मी न विचारता निष्कर्ष काढला. मी चुकले.' खाली पूर्ण नाव आणि सही.

तायडेबाबूंनी एकदाच वाचलं. ठपकन शिक्का मारला आणि आवक क्रमांक घातला. "आता झालं. एका सदस्यानं चूक मानली का अहवाल वादात गेला. वादात गेला का थो बाजूले. अहवाल बाजूले म्हनजे जुनं परिपत्रक लागू. जुन्या परिपत्रकात डिप्लोमावाल्याले सरळ तिसरं वर्स हाये." त्यांनी पायऱ्यांवरच्या प्रणालीला आवाज दिला, "ओ ताई, ये इकडं! अमरावतीच्या बाकी अठरा जनाइले बी फोन लाव, चार वाजेपर्यंत या म्हन!"

इतकं सोपं होतं. वर्षानुवर्षं तो नियम तिथेच फाइलमध्ये पडून होता, बांधावरच्या पराटीसारखा, आणि आम्ही मध्ये बसलो होतो. पुण्याला परतल्यावर महिन्याभरात मला पत्र आलं की यापुढे माझ्या अनुभवाचा लाभ समितीला घेता येणार नाही. जोगळेकरसर मात्र या वर्षीही अध्यक्ष आहेत. पण ते नंतरचं.

त्या दुपारी एक काम उरलं होतं. "जर्नलवर तज्ज्ञाची सही पायजे," तायडेबाबू म्हणाले. "पानापानावर. आता तुमीच हाये इथं." मी प्रणालीची वही घेऊन खिडकीशी बसले. अक्षर तिच्या गुच्छासारखंच नेटकं. मी पानं उलटत गेले, सही करत गेले, आणि शेवटी मेलेल्या झाडांच्या तक्त्याशी आले. तीन रकाने, झाडाचा नंबर, कधी गेलं, कारण. सात नंबर, जास्त पाणी. अकरा, वाळवी. चौदा, बकरी. तेवीस, बकरी (तीच). अशी एकोणीस झाडं, आणि सगळ्यात खाली, शाई अजून न वाळलेली एक ओळ.

नंबर दोन. परवा. समिती.

"हे असंच ठेवायचं?" मी विचारलं.

प्रणालीनं वाकून ओळ पाहिली, काही चुकलं की काय म्हणून. "काहून जी? बरोबर हाये ना?"

"बरोबर आहे," मी म्हणाले, आणि त्या ओळीसमोर सही केली.